असेंब्लीत ऑफसेट नेमका कुठल्या बाजूला सरकतो? (फ्रीकॅड १.०, फिक्स्ड आणि स्लायडर जॉइंट)

डावी_प्लेट

नमस्कार मंडळी. फ्रीकॅड १.० या त्रिमितीय डिझाइनच्या प्रोग्रॅमचं असेंब्ली वर्कबेंच, म्हणजे सुटे भाग जोडायचा विभाग, वापरतोय. ६ मिमी जाडीच्या दोन उभ्या प्लेट आहेत, डावी आणि उजवी, एकमेकींच्या आरशातल्या प्रती. प्रत्येकीवर एक नेमा १७ (ठराविक मापाची स्टेपर) मोटर बसते. मोटर आणि प्लेट यांच्यामध्ये ८ मिमीचे स्पेसर येणार आहेत. स्पेसर अजून मॉडेल केलेले नाहीत, म्हणून फिक्स्ड जॉइंटमध्ये (दोन भाग पक्के बांधणाऱ्या जोडणीत) ऑफसेट, म्हणजे सरकवायचं अंतर, ८ दिला.

डावीकडे बरोबर झालं. मोटर प्लेटपासून ८ मिमी मागे थांबली. उजवीकडे तोच ८ दिला तर मोटर प्लेटमध्ये घुसली आणि तिचा पुढचा फेस पलीकडून २ मिमी बाहेर आला. रिव्हर्स दाबलं तर मोटरचा शाफ्टच उलट्या तोंडाने फिरला. दोन्हीकडे निवड सारखीच आहे: प्लेटच्या २२ मिमी भोकाची कड आणि मोटरच्या बॉसच्या (पुढच्या गोल उंचवट्याच्या) मुळाशी असलेली गोल कड. फरक एवढाच की डावीकडे आधी प्लेट आणि मग मोटर निवडली होती, उजवीकडे उलट क्रमाने. प्लेट दोन्हीकडे ग्राउंडेडच (जागेवर खिळवलेल्या) आहेत.

−८ दिला तर उजवीकडे जागेवर येते, म्हणजे काम अडलेलं नाही. पण असं का होतं ते समजून घ्यायचंय. प्रत्येक जॉइंटला अधिक-उणे करून बघत बसायचं का? आणि ऑफसेट ग्लोबल झेडवर मोजत नाहीत, तर मग कशावर मोजतात?

---

निळा_बाण

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय: निवडीचा क्रम. सुरुवातीपासून सांगतो, कारण हे एकदा नीट बसलं की बाकीच्या प्रोग्रॅममध्येही अडत नाही.

जॉइंट करताना तुम्ही दोन भाग जोडता असं वाटतं. प्रत्यक्षात प्रोग्रॅम प्रत्येक भागावर एक छोटी अक्षप्रणाली चिकटवतो आणि त्या दोन अक्षप्रणाली एकमेकींवर आणून बसवतो. लाल एक्स, हिरवा वाय, निळा झेड. भाग बिचारा आपापल्या अक्षप्रणालीमागून ओढला जातो. ऑफसेटचा ग्लोबल अक्षांशी काही संबंध नाही, तो या छोट्या अक्षप्रणालीच्या झेडवर मोजला जातो.

आता खरी मेख. पॅनेलमध्ये तुम्ही जो ऑफसेट लिहिता तो भागाला सरकवत नाही, अक्षप्रणालीला सरकवतो, आणि तीही दुसऱ्यांदा निवडलेल्या भागावरची. जॉइंट निवडून डेटा टॅब उघडा. तिथे ऑफसेट१ आणि ऑफसेट२ अशा दोन ओळी दिसतील. पॅनेलमधला आकडा ऑफसेट२ च्या पोझिशनमधल्या झेडमध्ये जाऊन बसतो.

डावी बाजू यावर तपासा. पहिली प्लेट, दुसरी मोटर. मोटरच्या कडेवरचा निळा बाण शाफ्टच्या दिशेला होता असं धरू. ऑफसेट ८ म्हणजे मोटरवरची अक्षप्रणाली मोटरच्या फेसपासून ८ मिमी पुढे हवेत गेली. प्लेट ग्राउंडेड, म्हणून ती हलत नाही. मग ही हवेतली अक्षप्रणाली प्लेटच्या भोकावर आणायची तर मोटरला ८ मिमी मागे जावं लागतं. बाण पुढे, भाग मागे. तुम्हाला हवी होती ती फट मिळाली.

उजवी बाजू. पहिली मोटर, दुसरी प्लेट. आता ८ लागू झाला प्लेटवरच्या अक्षप्रणालीला. तिचा निळा बाण प्लेटच्या आत, पलीकडच्या फेसकडे होता. ती ८ मिमी त्या दिशेला गेली, म्हणजे ६ मिमी प्लेट पार करून २ मिमी बाहेर. मोटर तिच्यामागे गेली. तुमचे २ मिमी तिथून आले.

क्रम कुठलाही असो, एकच वाक्य लागू पडतं: अधिक ऑफसेट दिला की पहिला भाग, दुसऱ्या भागाच्या निळ्या बाणाच्या दिशेने, दुसऱ्या भागापासून तेवढा सरकतो. पहिला ग्राउंडेड असेल तर दुसरा उलट्या दिशेने सरकलेला दिसतो. दोन भागांमधलं सापेक्ष अंतर तेच राहतं.

---

जिगबोअर

वरचं बरोबर आहे. त्यात निळा बाण आतल्या बाजूला का होता हेही सांगायला हवं, कारण बहुतेक जण गृहीत धरतात की फेस निवडला की झेड नेहमी मटेरियलच्या बाहेर असतो. फ्रीकॅडमध्ये तसं नाही.

सपाट फेस निवडला की प्रोग्रॅम त्या फेसखालच्या मूळ प्रतलाची दिशा घेतो, मटेरियल कुठल्या बाजूला आहे ते बघत नाही. एखादं स्केच पॅड केलं (जाडी देऊन घन बनवलं) तर वरच्या आणि खालच्या फेसचे झेड एकाच दिशेला असू शकतात. वरच्या फेसवर तो बाहेर येतो, खालच्या फेसवर तोच मटेरियलमध्ये घुसतो. गोल कडांचंही तसंच. एकाच भोकाची दोन टोकाची वर्तुळं, दोन्हींचा झेड बहुधा एकाच बाजूला. म्हणून भोकाची पुढची कड निवडली की ऑफसेट बाहेर जातो आणि मागची कड निवडली की आत जातो. भोक आरपार दिसतं तेव्हा या दोन कडांमध्ये चूक होणं फार सोपं आहे. ६ मिमी जाड प्लेटमध्ये चुकीची कड निवडली तर ६ मिमीचा फरक निमूटपणे आत शिरतो आणि चिन्ह बदलून तो जात नाही. उत्तर बरोबर ६ ने (म्हणजे प्लेटच्या जाडीने) चुकत असेल तर आधी कड तपासा, मग चिन्ह.

आरशातल्या प्रतींबद्दल: आरशात उजव्या हाताची अक्षप्रणाली डाव्या हाताची होते, आणि प्रोग्रॅम डाव्या हाताची अक्षप्रणाली ठेवत नाही. म्हणजे तीनपैकी एखादा अक्ष उलटावा लागतो. कुठला उलटला ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे डाव्या भागावर चाललेला आकडा आणि चिन्ह उजव्या भागावर तसंच चालेल ही अपेक्षाच सोडून द्यावी. दर वेळी बाण बघावा.

---

वर्नियर_०२

तपासायची माझी पद्धत देतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरा आकडा लगेच लिहू नका. ८ च्या जागी ५० लिहा. ८ मिमी सरकलेला भाग इतर भागांच्या गर्दीत नजरेला पटत नाही, ५० मिमी सरकलेला लगेच दिसतो. भाग हव्या त्या बाजूला गेला तर ५० खोडून ८. उलट गेला तर −८. तिसरी शक्यता म्हणजे भाग फेसला समांतर, आडवा सरकला. तसं झालं तर चिन्ह बदलून उपयोग नाही, कारण झेडच चुकीचा आहे. भोकाच्या गोल कडेऐवजी शेजारची सरळ कड निवडली गेलेली असते.

मग मोजमाप. मोटरचा फेस ते प्लेटचा फेस अंतर मोजा, ८.०० आलं पाहिजे. त्यानंतर पार्ट वर्कबेंचमध्ये दोन्ही भाग निवडून बुलियनमधलं छेदन करा. घनफळ शून्य असेल तर कुठे घुसलेलं नाही. ही दुसरी तपासणी वगळू नये. फेस ते फेस ८ मिमी हे अंतर मोटर चुकीच्या बाजूला असतानाही ८ च दाखवतं, मोजमापाला चिन्ह नसतं.

रिव्हर्सबद्दल: ते बटण ऑफसेटची बाजू बदलण्यासाठी नाही. ते भागाचं तोंड फिरवतं. आधी ऑफसेट ० ठेवून भागाचं तोंड बरोबर करून घ्या (शाफ्ट प्लेटमधून बाहेर येतोय ना), मगच ऑफसेट लिहा. उलट क्रमाने केलं की दोन गोष्टी एकदम बदलतात आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही.

---

डावी_प्लेट

क्रम बदलून पाहिला. उजवीकडचा जॉइंट काढून आधी प्लेट मग मोटर घेतली, +८ वर बरोबर बसली. दोन्ही मोटर लायब्ररीतून आलेला एकच भाग असल्यामुळे त्यांच्यावरचा बाण सारखाच आहे, म्हणून दोन्हीकडे चिन्हही सारखं आलं. आता पटलं.

पुढचा प्रश्न: मोटरला एक्स दिशेत १.५ मिमी सरकवायचंय, बेल्टच्या ताणासाठी. पॅनेलमध्ये फक्त झेडचा ऑफसेट आणि रोटेशन आहे. डेटा टॅबमधल्या ऑफसेट२ मध्ये एक्सला १.५ लिहिला, रोटेशन आधीच ९० होतं. मोटर लाल रेघेच्या दिशेने न जाता हिरव्या रेघेच्या रांगेत सरकली.

---

निळा_बाण

ऑफसेट२ ही एक पूर्ण प्लेसमेंट आहे, तिच्यात सरकणंही आहे आणि वळणंही. हिशेब असा होतो: आधी अक्षप्रणाली मूळ अक्षांवर सरकते, मग नव्या जागी वळते. तुम्हाला पडद्यावर जी लाल-हिरवी रेघ दिसते ती वळल्यानंतरची आहे, आणि तुम्ही लिहिलेला १.५ लागू होतो वळण्याआधीच्या एक्सवर. ९० अंश वळवलेलं असेल तर मूळ एक्स आता दिसणाऱ्या हिरव्या रेघेच्या रांगेत येतो. झेडच्या बाबतीत हे जाणवत नाही, कारण झेडभोवती कितीही वळवलं तरी झेड जागच्या जागी राहतो.

मार्ग दोन. एकतर रोटेशन तात्पुरतं ० करून रेघा कुठे आहेत ते बघा, चिन्ह ठरवा, मग रोटेशन परत ९० करा. नाहीतर वळण ऑफसेट२ मध्ये ठेवा आणि सरकवणं ऑफसेट१ मध्ये करा, म्हणजे दोन्ही एकमेकांत गुंतत नाहीत. ऑफसेट१ पहिल्या भागावर लागू होतो. तुमच्याकडे पहिली प्लेट आहे आणि ती ग्राउंडेड आहे, म्हणून मोटर बाणाच्या सरळ दिशेने सरकेल, उलट नाही. वाचायलाही ते सोपं पडतं.

गोल कडेचा एक्स कुठे असेल ते स्केच कसं काढलंय त्यावर ठरतं. वर्तुळाकडे बघून तो सांगता येत नाही. एक्स-वायमध्ये आकडे लिहायचे असतील तर गोल कड हा संदर्भ मुळात कच्चा आहे.

---

पट्टीवरचा_ब्लॉक

याच धाग्यात स्लायडरचं विचारतो. ३०० मिमी लांबीची एमजीएन१२ रेल (सरळ सरकण्याची पट्टी) आणि तिच्यावर सरकणारा १२एच ब्लॉक. रेलच्या डाव्या टोकाचा फेस आणि ब्लॉकच्या डाव्या टोकाचा फेस घेऊन स्लायडर केला. मर्यादा ० ते २५४.६ दिल्या (३०० वजा ब्लॉकची लांबी ४५.४). ब्लॉक रेलवर राहायच्या ऐवजी डावीकडे हवेत पळतो. शिवाय तो रेलच्या उंचीशीही जुळत नाही, खाली-वर बसलाय.

---

जिगबोअर

दोन वेगळ्या चुका एकत्र आल्यात.

पहिली, चिन्ह. रेलच्या डाव्या टोकाच्या फेसवरचा निळा बाण तुमच्याकडे बाहेर, म्हणजे डावीकडे आहे. त्या बाणाच्या अधिक दिशेला रेलच नाही. ब्लॉकची खरी हालचाल उणे बाजूला आहे: किमान −२५४.६, कमाल ०. इथे किमान-कमाल अदलाबदल होते याकडे लक्ष द्या. नुसतं २५४.६ पुढे उणे लावून तो कमालच्या रकान्यात ठेवला तर किमान कमालपेक्षा मोठं होतं आणि सॉल्व्हरला (जॉइंटचा हिशेब सोडवणाऱ्या भागाला) उत्तर सापडत नाही. स्लायडरमध्येही कोणता भाग पहिला यावर चिन्ह उलटतं: रेलवरून ब्लॉक मोजला तर एक, ब्लॉकवरून रेल मोजली तर दुसरं. म्हणून दोन्ही मर्यादा एकदम लावू नका. एकच लावा, ब्लॉक माउसने ओढून बघा कुठे अडतो, मग दुसरी लावा.

दुसरी, उंची. स्लायडर फक्त एक दिशा मोकळी सोडतो, बाकी सगळं जुळवून टाकतो. रेलच्या टोकाच्या फेसचा मध्य आणि ब्लॉकच्या टोकाच्या फेसचा मध्य वेगवेगळ्या उंचीवर आहेत. तुम्ही ते दोन मध्य एका रेषेत आणलेत, म्हणून ब्लॉक खाली बसला. ऑफसेटने हे दुरुस्त करता येईल, पण मी करणार नाही.

दोन्ही भागांवर स्वतःच्या हाताने लोकल कोऑर्डिनेट सिस्टिम (भागाची आपली अक्षप्रणाली) टाका आणि जॉइंटला तीच द्या. रेलवर: डाव्या टोकाला, तळाच्या फेसवर, रुंदीच्या मध्यावर. झेड रेलच्या लांबीला समांतर, उजवीकडे, म्हणजे रेलच्या आत. एक्स वर. ब्लॉकवर: वरच्या फेसवर एम३ ची चार भोकं २० × २० वर आहेत, त्यांच्या मध्यावरून १३ मिमी खाली. १३ ही रेलच्या तळापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची आहे. झेड लांबीला, एक्स वर, रेलसारखंच.

आता एकही ऑफसेट लागत नाही. मर्यादा ब्लॉकच्या मध्यावरून मोजायच्या: ४५.४ ची निम्मी २२.७, म्हणून किमान २२.७ आणि कमाल २७७.३. दोन्ही टोकांना ५ मिमी राखायचे असतील तर २७.७ ते २७२.३. हे आकडे कोणालाही कागदावर पडताळून बघता येतात, −२५४.६ ते ० बघून ते जमत नाही. १२सी ब्लॉक लावला तर लांबी ३४.७ होते, म्हणजे १७.३५ ते २८२.६५.

---

पट्टीवरचा_ब्लॉक

लोकल कोऑर्डिनेट सिस्टिमने झालं, उंचीही बसली. सॉलिडवर्क्समध्ये हा त्रास कधी जाणवला नव्हता, तिथे डिस्टन्स मेट (अंतर देऊन केलेली जोडणी) टाकलं की चालायचं.

---

वर्नियर_०२

तिथे त्रास दुसऱ्या जागी आहे. डिस्टन्स मेटमध्ये तुम्ही अंतर देता आणि बाजू वेगळी ठरते: भागांची तोंडं एका दिशेला की समोरासमोर हे अलाइन्ड किंवा अँटी-अलाइन्डने, आणि कुठल्या बाजूला हे फ्लिप डायमेन्शनने. म्हणजे जे काम फ्रीकॅडमध्ये चिन्ह करतं ते तिथे टिचकी मारायची चौकट करते. यात एक जुना खड्डा आहे. अंतर ० केलंत की बाजू उरतच नाही, शून्याला डावं-उजवं नसतं. नंतर परत ५ लिहिलं की भाग पलीकडच्या बाजूला उडी मारू शकतो. कॉन्फिगरेशनमध्ये (एकाच मॉडेलच्या एखाद्या आवृत्तीत) मापाला ० येत असेल तर त्यासाठी वेगळं कोइन्सिडंट मेट (फेसला फेस टेकवणारं) ठेवून डिस्टन्स सप्रेस, म्हणजे बंद, करणं बरं. फ्रीकॅडचा डिस्टन्स जॉइंट वापरतानाही शून्यावरून जाणं टाळा. आणि तो दोन सपाट फेसमध्ये दिला तर फक्त अंतर बांधतो, भाग फेसवर दोन दिशांना सरकतो आणि गोलही फिरतो. त्याला फिक्स्डचा पर्याय समजू नका.

फ्यूजनमध्ये पहिला निवडलेला कॉम्पोनंट दुसऱ्याकडे येतो आणि एक्स, वाय, झेड तीनही ऑफसेट समोरच असतात. ऑनशेपमध्ये मेट कनेक्टरचा (जोडाच्या जागी बसवलेल्या अक्षप्रणालीचा) झेड उलटवायला आणि दुसरा अक्ष ९०-९० अंशांनी फिरवायला स्वतंत्र बटणं आहेत. नावं वेगळी, पण कनेक्टरचे अक्ष बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही हे तिन्हीकडे आहेच.

---

तीन_एमएम_ॲलन

मूळ प्रश्नाकडे परत येतो. मोटर आणि प्लेटमध्ये खरोखरचे ८ मिमी स्पेसर येणार असतील तर ऑफसेट वापरूच नका. स्पेसर मॉडेल करा: बाहेरून ७, आतून ३.४, लांबी ८. पाच मिनिटांचं काम. प्लेटला स्पेसर, स्पेसरला मोटर, सगळे ऑफसेट ०. मग बाजूचा प्रश्नच येत नाही. स्पेसर चुकीच्या बाजूला बसला तर तो डोळ्यांना दिसतो, ऑफसेटमधला ८ दिसत नाही. पार्ट्स लिस्टमध्येही स्पेसर येतात, आणि ऑर्डर देताना ८ नग राहून जात नाहीत.

ऑफसेट राखून ठेवा जिथे मध्ये काही वस्तू नाही त्या जागेसाठी: बेल्टच्या ताणाचे ते १.५ मिमी, दोन फिरत्या भागांमधली फट, सर्कलिपची (शाफ्टवरच्या अडकण कडीची) मोकळीक. अशा जागी आकडा हाताने न लिहिता स्प्रेडशीटमध्ये ठेवा आणि ऑफसेटच्या पोझिशनमधल्या रकान्यात एफएक्स (सूत्र लिहायच्या) बटणाने जोडा. चिन्हसुद्धा तिथे सूत्रातच द्या, स्प्रेडशीटमध्ये आकडा कायम अधिकच ठेवा. म्हणजे उद्या फट १.५ ची २ केली तर उणे लिहायचं विसरून भाग घुसणार नाही.

आणि स्क्रू बघून घ्या. प्लेट ६, स्पेसर ८, मिळून १४. नेमा १७ च्या फेसमध्ये एम३ चे आटे साधारण ४.५ मिमी खोल असतात. २० मिमी स्क्रू लावला तर ६ मिमी आत जायला बघतो, तळाला टेकतो आणि डोकं प्लेटवर बसायच्या आधीच आवळल्यासारखं वाटतं. वॉशर घातला तरी ५.५ उरतात. १६ चा घेतला तर फक्त २ मिमी पकड मिळते, ती कमी आहे. १८ मिमी घ्या, वॉशरशिवाय ४ मिमी आत जातो. दुकानात १८ चा मिळाला नाही तर स्पेसर १० चा करून २० चा स्क्रू लावा, आत तेच ४ मिमी जातात. स्पेसर वेगळा भाग असेल तर पॅडची लांबी ८ ची १० केली की मोटर आपोआप मागे सरकते. शाफ्ट मात्र २ मिमीने आत जातो, म्हणून पुली बेल्टच्या रेषेत राहते का ते त्याच वेळी बघा.

---

डावी_प्लेट

स्पेसर केले, आठही. १८ चे स्क्रू मिळताहेत, म्हणून ८ च ठेवला. बेल्टचा १.५ ऑफसेट१ मध्ये टाकला आणि स्प्रेडशीटला जोडला. उजव्या प्लेटवर सूत्रात उणे लागला, डावीवर नाही. आधी ५० टाकून पाहिलं म्हणून लगेच कळलं.